जुनी मालिका नव्याने काढणाऱ्या हातांचे मागणीपत्र

प्रति,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
उद्योग विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
माहिती तंत्रज्ञान व दळणवळण विभाग, राजस्थान शासन, जयपूर
जपानी ॲनिमे मालिकांचे नवे भाग भारतात करून घेणाऱ्या सर्व निर्मिती संस्था आणि वाहिन्या

विषय : जुन्या जपानी मालिकांच्या नव्या निर्मितीत घरून काम करणाऱ्या चित्रकार व आवाज-कलाकारांचे श्रेय, देयके, कामाच्या अटी आणि मराठी आवृत्ती यांबाबत.

जयपूरच्या शास्त्री नगरात आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत राहणारे आम्ही मराठीभाषक ॲनिमेशन कारागीर आहोत. आमच्यातले काही इनबिटवीन काढतात, काही क्लीनअप करतात, काही बॅकग्राउंड रंगवतात, तर काही डबिंगला आवाज देतात. काम मुंबई, पुणे, हैदराबादच्या स्टुडिओंतून येते, घरच्या टेबलावर होते आणि इंटरनेटवरून परत जाते. पुढे तेच चित्र आमच्याच गल्लीतली मुले दूरदर्शन संचावर पाहतात. ते कोणी काढले हे त्यांना कळण्याची सोय आज नाही.

या मागण्या आम्ही आजवर फोनवर, व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि निर्मिती व्यवस्थापकांसमोर तोंडी मांडल्या. ‘पुढच्या सीझनला बघू’ हे उत्तर प्रत्येक सीझनला मिळाले. म्हणून आता लेखी मांडत आहोत.

हे काम भारतात कसे आले

इकी काजिवारा यांची कथा आणि नोबोरू कावासाकी यांची चित्रे असलेली ‘क्योजिन नो होशी’ ही बेसबॉलची चित्रकथा जपानमध्ये १९६६ ते १९७१ या काळात छापली गेली. १९६८ ते १९७१ मध्ये तिच्या ॲनिमे मालिकेचे १८२ भाग झाले. चार दशकांनी त्याच कथेवर भारतासाठी नवी मालिका निघाली, ‘सूरज : द रायझिंग स्टार’. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, कथा मुंबईच्या गरीब वस्तीत आली, मुलाला घडवणारा कठोर बाप मात्र तोच राहिला. तिचे २६ भाग झाले. हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटचा चित्रणात सहभाग होता आणि २३ डिसेंबर २०१२ पासून ती कलर्स वाहिनीवर दाखवली गेली.

त्याच सुमारास १९८१च्या ‘निंजा हातोरी’चे नवे भाग भारतीय भागीदारीतून होऊ लागले. पुढे १९८९ ते १९९२ मध्ये जपानमध्ये चाललेली ‘ओबोचामा-कुन’ भारतातल्या मुलांनी इतकी उचलून धरली की तीस वर्षांहून अधिक काळाने तिची नवी मालिका सोनी ये वाहिनीच्या भागीदारीत तयार झाली आणि २०२५ मध्ये भारतात आली. स्वतःच्या देशात थांबलेली मालिका परक्या देशातल्या प्रेक्षकांमुळे पुन्हा सुरू व्हावी, ही साधी घटना नाही. नवी निर्मिती भारतीय प्रेक्षकांच्या जोरावर उभी राहत असेल आणि तिची रेष भारतीय हातांनी ओढली जात असेल, तर त्या हातांच्या अटीही करारात असल्या पाहिजेत.

वरची नावे इतिहास म्हणून दिली आहेत. आमच्या तक्रारी या मालिकांविषयी किंवा त्यांच्या निर्मात्यांविषयी नाहीत. ठेक्यावर ठेका देण्याची जी पद्धत या व्यवसायात रुळली आहे, तिच्याविषयी आहेत.

मूळ दुखणे : साखळी

जपानमध्ये मालिकेचे पैसे बहुधा निर्मिती समिती उभे करते. प्रकाशक, वाहिनी, खेळणी कंपनी, संगीत कंपनी असे भागीदार एकत्र येतात आणि ॲनिमेशन संस्थेला काम देतात. ती संस्था भारतातल्या स्टुडिओला काम देते, तो स्टुडिओ छोट्या स्टुडिओला, आणि छोटा स्टुडिओ आम्हाला. आमच्यापर्यंत पोचताना काम तीन-चार हातांतून गेलेले असते. प्रत्येक हाताशी एक करार असतो. शेवटच्या हाताशी बहुतेक वेळा फक्त एक ई-मेल असते.

या साखळीच्या दोन्ही टोकांना कायदा आहे. जपानमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठीचा कायदा १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. कामाच्या अटी लेखी द्यायच्या आणि झालेले काम मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे द्यायचे, हे त्यात बंधनकारक आहे. भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ आहे आणि त्याची मर्यादा ४५ दिवसांची आहे. टोकियोतला चित्रकार तिकडच्या कायद्याखाली येतो. उद्यम नोंदणी केलेला जयपूरचा चित्रकार इकडच्या कायद्याखाली येऊ शकतो. गळती होते ती मधल्या कड्यांत.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी : जुन्या मालिकेचा हक्कधारक नव्या भागांचे काम भारतात देईल तेव्हा त्याच्या मूळ करारातच कामगारविषयक अटींचे परिशिष्ट असावे. काम पुढे सोपवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते जसेच्या तसे पुढच्या करारात जोडावे. साखळी कितीही लांब असो, शेवटच्या चित्रकाराच्या हातात तेच परिशिष्ट आले पाहिजे. हक्कधारक पात्राच्या टोपीचा रंग बदलू देत नाही. मॉडेल शीटमधली प्रत्येक अट तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचवतो आणि ती पाळलीही जाते. ज्या वाटेने टोपीचा रंग पोचतो, त्याच वाटेने देयकाची मुदतही पोचू शकते.

श्रेयनामावली

आमच्यापैकी कितीतरी जणांनी वर्षानुवर्षे काम केले आहे आणि एकाही भागाच्या शेवटी त्यांचे नाव नाही. तिथे स्टुडिओचे नाव येते. बँकेकडे कर्ज मागताना, नव्या ठिकाणी काम शोधताना, मुलाच्या शाळेत पालकाचा व्यवसाय सांगताना आमच्याकडे दाखवायला काही नसते. काढलेली चित्रे दाखवावीत, तर गोपनीयतेची अट आड येते. त्यामुळे दहा वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही प्रत्येक नव्या दारात नवशिकी ठरते आणि नवशिक्याच्या दराने काम घेते. नाव नसण्याचा थेट परिणाम आमच्या दरावर होतो.

नावाने काय होते, हे सांगायला एक उदाहरण पुरे आहे. युगो साको यांच्या पुढाकाराने झालेला रामायणावरचा भारत-जपान ॲनिमेपट १९९०च्या दशकाच्या आरंभी तयार झाला आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. त्याच्या दिग्दर्शकांत राम मोहन यांचे नाव आहे. १९५०च्या दशकात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना ॲनिमेशन शिकवले, त्या पिढीतले हे गृहस्थ. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. नाव पडद्यावर आहे म्हणून तीस वर्षांनंतरचा प्रेक्षकही त्यांचे काम ओळखतो. त्याच चित्रपटासाठी राबलेल्या प्रत्येक हाताबद्दल असे म्हणता येईल का, हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण उद्या तोच प्रश्न आमच्याबद्दल विचारला जाणार आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ५७ नुसार हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. आवाज-कलाकारांसाठी कलम ३८ख आहे. त्याच कायद्यातली कलाकाराची व्याख्याही पाहावी. चित्रपटातले ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत नाही, त्याला बहुतेक बाबतींत कलाकार मानले जात नाही. म्हणजे छोट्या भूमिकेला आवाज देणारीचे नाव गाळले, की तिच्या कायदेशीर हक्कांचा पायाच डळमळतो. नाव देणे ही सौजन्याची बाब आहे असे मानणाऱ्यांनी ही तरतूद वाचावी.

आमची मागणी : प्रत्येक भागाच्या शेवटी, त्या भागावर काम केलेल्या प्रत्येक चित्रकाराचे, रंगकाराचे, कंपोझिटरचे आणि आवाज-कलाकाराचे नाव यावे. काम उपठेक्याने आले असेल तरीही यावे. नाव कलाकाराने सांगितलेल्या लेखनाने लिहावे. वाहिनीवर शेवटची पट्टी कापली जात असेल, तर तीच संपूर्ण यादी मालिकेच्या अधिकृत डिजिटल पानावर ठेवावी. शिवाय काम संपल्यापासून ३० दिवसांत प्रत्येकाला अनुभवपत्र द्यावे. त्यात मालिकेचे नाव, भागांचे क्रमांक आणि कामाचे स्वरूप असावे.

‘वेळ नसतो’ हे कारण आम्हाला मान्य नाही. ॲनिमेचे शेवटचे गाणे साधारण ९० सेकंदांचे असते. एका पाटीवर दहा नावे आणि प्रत्येक पाटी तीन सेकंद धरली, तर चाळीस नावांना बारा सेकंद लागतात.

रीटेक

झालेले काम पुन्हा करायला लावणे म्हणजे रीटेक. सगळ्यात जास्त रोष या मुद्द्यावर आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी धावतात. दूरचित्रवाणीसाठीच्या ॲनिमेत सहसा एक चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे होतात. पाच सेकंदांच्या शॉटला चाळीस. त्यातली काही की-फ्रेम, उरलेली इनबिटवीन. मग क्लीनअप, मग रंग. दर ठरतो तो तयार सेकंदावर. हात किती चित्रे काढतो याच्याशी त्याचा संबंध नसतो.

आता क्रिकेटच्या एखाद्या मालिकेतला गोलंदाज घ्या. लेआउट मंजूर झाले, चाळीस चित्रे झाली, रंग भरले. आठवड्याने निरोप आला की गोलंदाज डावखुरा करा. वरून पाहणाऱ्याला वाटते, चित्र आरशासारखे उलटवले की झाले. तसे होत नाही. जर्सीवरचा आकडा उलटा होतो. शर्टाची बटणपट्टी दुसऱ्या बाजूला जाते. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच बाजूला सावली पडते. यष्टीच्या कोणत्या बाजूने तो धावत येतो हे बदलते, आणि त्यासोबत पंचाची जागाही. चाळीसच्या चाळीस चित्रे पुन्हा काढावी लागतात. पैसे मात्र त्याच पाच सेकंदांचे मिळतात, कारण पडद्यावर पाचच सेकंद आहेत.

चूक आमची असेल तर ती आम्ही दुरुस्त करतो आणि त्याचे पैसे मागत नाही. पण निर्णय बदलला म्हणून करावे लागलेले काम हे नवे काम आहे. आज दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, ‘करेक्शन’. त्या एका शब्दाआड आमचे आठवडेच्या आठवडे फुकट जातात.

आमची मागणी : रीटेकचे दोन प्रकार करारात वेगळे लिहावेत. मॉडेल शीट, लेआउट किंवा एक्सपोजर शीट यांच्याशी न जुळणारे काम म्हणजे चित्रकाराची चूक. ती दोन फेऱ्यांपर्यंत विनामूल्य सुधारली जाईल. मंजूर लेआउटनंतर बदललेली सूचना म्हणजे निर्मितीचा बदल. त्यासाठी की-फ्रेम बदलत असतील तर मूळ दराच्या १०० टक्के, फक्त इनबिटवीन किंवा रंग बदलत असतील तर ६० टक्के मोबदला मिळावा. प्रत्येक रीटेक लेखी, शॉट क्रमांकासह आणि प्रकार नमूद करून यावा. रात्री अकराला फोनवरून सांगितलेला बदल आम्ही रीटेक मानणार नाही. सुरू झालेला शॉट रद्द केला तर झालेल्या कामाचे पूर्ण आणि उरलेल्याचे २५ टक्के पैसे द्यावेत.

देयके

काम दिल्यानंतर पैसे कधी येतील, हे आम्हाला कोणीही निश्चित सांगत नाही. वरून पैसे आले की देऊ, असे सांगितले जाते. त्या ‘वर’शी आमचा करार नसतो, त्याचे नावही आम्हाला माहीत नसते. वीजबिल आणि घरभाडे मात्र तारखेलाच द्यावे लागते.

२००६च्या अधिनियमाने हा प्रश्न सोडवलेला आहे, फक्त तो पाळला जात नाही. कलम १५ नुसार करारातली मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारले असे कायदाच मानतो. आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी पुरवठादार ज्या भागात आहे तिथल्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. म्हणजे मुंबईच्या देयकासाठी आम्हाला मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही, जयपूरमध्ये अर्ज करता येतो.

आमची मागणी : कार्यादेशासोबत ३० टक्के अग्रिम, उरलेली रक्कम शॉट स्वीकारल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही कारणाने ४५ दिवसांच्या आत. ‘वरून पैसे आल्यावर’ हे कलम कोणत्याही करारात नसावे. राजस्थान शासनाने आपल्या सुलभीकरण परिषदेत ॲनिमेशन व डबिंगच्या देयकांसाठी महिन्यातून एक दिवस ऑनलाइन सुनावणी ठेवावी. आम्ही आमच्या बाजूने सर्व सदस्यांची उद्यम नोंदणी तीन महिन्यांत पूर्ण करू.

अनुदानाला अट हवी

शासन या व्यवसायावर मोठा पैसा लावत आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १६ सप्टेंबर २०२५ रोजी या क्षेत्रासाठीचे धोरण मंजूर केले, ३,२६८ कोटी रुपयांचे. राजस्थानने डिसेंबर २०२४ मध्ये आपले धोरण जाहीर केले. परदेशी चित्रनिर्मितीसाठी केंद्राने प्रोत्साहनाची मर्यादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि ३० कोटी रुपयांपर्यंत नेल्याची घोषणा नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात झाली. या सगळ्याचे आम्ही स्वागत करतो.

पण जनतेचा पैसा ज्या मालिकेला मिळतो, तिच्या शेवटच्या चित्रकाराला पैसे मिळाले की नाही हे तपासण्याचा अधिकार शासनाला आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. अनुदानाचा अखेरचा हप्ता देण्यापूर्वी निर्मात्याने दोन कागद सादर करावेत, ही आमची मागणी आहे. एक, उपठेक्यासह सर्व देयके चुकती केल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र. दोन, पूर्ण श्रेयनामावली. यासाठी नवा कायदा लागत नाही. धोरणाच्या अंमलबजावणीच्या सूचनांत एक परिच्छेद वाढवला की पुरे.

मराठी

१२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डीमन स्लेयर’ या मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत लागला. मराठीत नाही. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८.३० कोटी, तेलुगू ८.११ कोटी, तमिळ ६.९० कोटी. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांना मिळाले ते त्यांना मिळायलाच हवे होते. संख्येच्या निकषावर मराठीला वगळण्याचे कारण मात्र उरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

काही वाहिन्यांनी मुलांच्या मालिकांना मराठी ध्वनिपट्टी दिली आहे, याची आम्हाला जाणीव आहे. आमची तक्रार ती कशी होते याबद्दल आहे. हिंदी संवाद समोर ठेवून घाईने केलेले मराठी मुलांच्या कानाला खटकते. हिंदीतला विनोद मराठीत तसाच ठेवला की तो मराठीत विनोद राहत नाही.

जयपूरमध्ये राहणाऱ्यांना हे जास्त टोचते. आमची मुले शाळेत हिंदी बोलतात, मैदानात हिंदी बोलतात. मराठी फक्त घरात आहे, आजी-आजोबांच्या आणि आईबाबांच्या तोंडी. त्याच घरातल्या संचावर त्यांचे आवडते पात्र ‘अगं’ आणि ‘अरे’ म्हणून हाक मारू लागले, तर मराठी ही फक्त मोठ्यांची भाषा राहणार नाही. तसे मराठी लिहिणारे आणि बोलणारे लोक आमच्यात आहेत.

तांत्रिक अडचण नाही. ॲनिमेत बोलणाऱ्या तोंडाच्या सहसा तीनच स्थिती काढतात : मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. त्यामुळे ओठांशी शब्द जुळवणे इतर चित्रपटांपेक्षा सोपे जाते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठीतही येते, म्हणून वाक्यातला थांबा आणि अखेरचा जोर दोन्हीकडे जवळपास एकाच जागी पडतो. जपानीत नावामागे ‘सान’, ‘सामा’, ‘चान’ लागते तेव्हा जे नाते कळते, ते मराठीत तू, तुम्ही, आपण आणि दादा, ताई, काका यांतून दाखवता येते.

आमची मागणी : नव्या मालिकेच्या करारातच मराठी आवृत्ती धरावी, मागाहून जोडू नये. संवाद मूळ जपानी संहितेवरून आणि तिच्या शब्दशः अनुवादाच्या आधारे मराठी लेखकाने लिहावेत, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत यावे. २२ मिनिटांच्या २६ भागांचे मिळून ५७२ मिनिटे, म्हणजे साडेनऊ तासांचे ध्वनिमुद्रण होते. एका मालिकेसाठी हा भार जड नाही. मुंबईला येऊ न शकणाऱ्या आवाज-कलाकारांसाठी जयपूरमधल्या स्टुडिओतून दूरस्थ मुद्रणाची सोय मान्य करावी.

मालिका मुंबईत किंवा महाराष्ट्रात घडत असेल, तर बॅकग्राउंडच्या टप्प्यावर मराठी चित्रकाराचा सल्ला घ्यावा. चाळीची गॅलरी, लोकलच्या डब्यातल्या कड्या, दुकानाच्या पाटीवरचे मराठी लेखन या गोष्टी संदर्भचित्रांवरून चुकतात. पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले मुलांनाही दिसते.

यंत्राला शिकवण्यासाठी आमची चित्रे

दोन की-फ्रेममधली चित्रे आपोआप भरणारी साधने आली आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. आमची चित्रे आणि आवाज आम्हाला न विचारता त्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमधल्या आवाज-कलाकारांनीही विनापरवाना वापराविरुद्ध जाहीर मोहीम सुरू केली. आमची मागणी : असा वापर करायचा असेल तर स्वतंत्र लेखी संमती घ्यावी, वेगळा मोबदला ठरवावा, आणि संमती नाकारल्याने काम जाणार नाही हे करारात लिहावे.

जयपूरमधली जागा आणि शिक्षण

घरचा संगणक, घरची वीज, घरचे इंटरनेट, आणि जूनचा उकाडा. मोठ्या फाइलचे रेंडर अर्ध्यात असताना वीज गेली की रात्र जाते. राजस्थान शासनाने शास्त्री नगर परिसरात बारा आसनांची सामायिक कार्यशाळा द्यावी. पेन टॅब्लेट, रंग अचूक दाखवणारे पडदे, वीज गेल्यावर चालू राहणारी व्यवस्था आणि वेगवान जोडणी एवढेच तिथे हवे. सॉफ्टवेअरचा खर्च टाळता येतो. स्टुडिओ घिबलीने वापरलेल्या टूंझची ओपनटूंझ ही मुक्त आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य मिळते, ब्लेंडरही विनामूल्य आहे. वीज आणि देखभालीसाठी माफक मासिक शुल्क आम्ही देऊ.

प्रादेशिक विज्ञान केंद्र शास्त्री नगरातच आहे. तिथे महिन्यातून एका रविवारी मुलांना चलच्चित्राचे तत्त्व प्रत्यक्ष काढून दाखवायला आम्ही विनामानधन तयार आहोत. केंद्राने फक्त खोली आणि प्रक्षेपक द्यावा.

मुंबईतल्या भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे पहिले आवार जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला सुरू झाले, जिथे एकेकाळी फिल्म्स डिव्हिजन होते त्याच परिसरात. पोटासाठी काम करणारा माणूस वर्षभर मुंबईत राहून शिकू शकत नाही. संस्थेने कार्यरत चित्रकारांसाठी बारा आठवड्यांचा सायंकाळचा दूरस्थ अभ्यासक्रम काढावा, मराठी आणि हिंदीत.

सामाजिक सुरक्षा

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. तो ॲपवरून काम घेणाऱ्यांपुरता आहे. ई-मेलवरून काम घेणाऱ्या चित्रकाराची परिस्थिती वेगळी नाही. मानेचे, मनगटाचे आणि डोळ्यांचे दुखणे या कामाचा भाग आहे, आणि आजारपणात उत्पन्न शून्य होते. आमची नोंद त्या कायद्याखालच्या कल्याण मंडळाकडे किंवा समकक्ष योजनेत व्हावी आणि त्यासाठी प्रत्येक कार्यादेशाच्या रकमेच्या १ टक्का इतके अंशदान काम देणाऱ्याने भरावे.

आमच्या बाजूच्या अटी

मागतो तसे देण्याचीही आमची तयारी आहे. ठरलेल्या तारखेला काम न दिल्यास दर दिवसाला त्या शॉटच्या मोबदल्याच्या १ टक्का, कमाल १० टक्के कपात आम्हाला मान्य आहे. गोपनीयता आम्ही पाळू. भाग प्रसारित होईपर्यंत एकही चित्र बाहेर जाणार नाही. प्रसारणानंतर मात्र आपल्या कामातले ३० सेकंद नमुना म्हणून दाखवण्याचा हक्क प्रत्येक चित्रकाराला हवा. पात्रांच्या मालकीवर आम्ही दावा सांगत नाही. ती त्यांच्या निर्मात्यांची आहेत आणि त्यांचा आम्हाला आदर आहे. त्यांच्याच चित्रकथा नकलून आमच्यातल्या कित्येकांचा हात बसला.

कार्यवाही

हे पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत प्रत्येक प्राप्तकर्त्याने मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे. त्यानंतरच्या ३० दिवसांत मंत्रालय, दोन्ही राज्ये, निर्मिती संस्था आणि आमचे प्रतिनिधी यांची एक बैठक मुंबईत व्हावी. बैठकीला आमचे पाच प्रतिनिधी जयपूरहून रात्रीच्या गाडीने स्वखर्चाने येतील. श्रेयनामावली, लेखी रीटेक आणि ४५ दिवसांची मुदत या तीन बाबींना बैठकीचीही गरज नाही. त्या पुढच्याच कार्यादेशापासून लागू करता येतात.

हाती घेतलेले काम आमचे सदस्य ठरल्याप्रमाणे पूर्ण करतील. मात्र उत्तराची मुदत संपल्यानंतर या तीन अटी नसलेल्या कोणत्याही नव्या करारावर शास्त्री नगरातला आमचा एकही सदस्य सही करणार नाही, असा ठराव आमच्या सर्वसाधारण सभेने एकमताने केला आहे.